किनाऱ्याजवळच्या घरकामासाठी लाकडाचे स्क्रू : पैसे कुठे घालावेत आणि कुठे वाचवावेत?

मोरजीकर (प्रश्न)

सर्व जाणकारांना नमस्कार. गोव्यात पेडणे तालुक्यात मोरजी येथे आमचे जुने कौलारू घर आहे आणि समुद्र तिथून इतका जवळ आहे की पावसाळ्यात खिडकीच्या गजांवरून हात फिरवला तर बोटांना मिठाचा चिकटपणा जाणवतो. यंदा चतुर्थीपूर्वी चार कामे घरच्या घरी करण्याचे ठरवले आहे. स्वयंपाकघरातल्या कपाटाला १८ मि.मी. प्लायवूडची दोन नवी दारे बसवायची आहेत. कौलांखालच्या उघड्या सोप्यावर मत्तीच्या (ऐनाच्या) फळ्यांचे बाकडे करायचे आहे. आजोबांच्या वेळच्या सागवानी पेटाऱ्याच्या पितळी बिजागऱ्या सुटल्या आहेत, त्या पुन्हा लावायच्या आहेत. आणि देवाच्या खोलीत माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर बांधायची फळाफुलांची चौकट, टांगण्यासाठी तुळईला भक्कम आधार द्यायचा आहे.

लाकूड आणि प्लायवूड आणून झाले. स्क्रू घ्यायला म्हापशाला गेलो, तेव्हा दुकानदाराने काळे, पांढरे, पिवळसर, पितळी आणि स्टेनलेस स्टीलचे अशा पाच तऱ्हा समोर मांडल्या. भावात एवढी तफावत होती की काहीही न घेता परत आलो. चारही कामांना महागातले स्क्रू घेणे मला परवडणारे नाही, आणि स्वस्तातले घेण्याचा धीर होत नाही, कारण जुन्या कपाटाच्या बिजागऱ्यांचे स्क्रू दुसऱ्याच पावसाळ्यात गंजून त्यांच्या माथ्यांची खाच नाहीशी झाली होती आणि दारे काढताना ते अक्षरशः उखडावे लागले. कोणत्या कामाला कोणता स्क्रू घ्यावा, खोक्यावरचे ‘३५×८’ यासारखे आकडे कसे वाचावेत, आणि दुकानात उभ्या उभ्या मालाची पारख कशी करावी, हे कृपया सविस्तर सांगावे.

डिचोलीचे निवृत्त सुतारकाम निदेशक

मोरजीकर, आपल्या चारही कामांना एकच स्क्रू घ्यायचा विचार आधी मनातून काढून टाकावा. स्क्रूवरचा खर्च त्याच्या जागेवरून ठरवावा लागतो : तिथे खारी हवा किती पोहोचते, लाकूड कोणते आहे, आणि स्क्रू बिघडल्यास तो बदलण्यासाठी काय काय उस्तवार करावी लागेल. कपाटाच्या आत, कोरड्या जागी बसणाऱ्या स्क्रूवर जास्त पैसे खर्चण्याचे कारण नाही. सोप्यावरच्या बाकड्यात मात्र स्वस्त स्क्रू घालणे म्हणजे फळ्यांचीही नासाडी करणे होय, आणि ते का, हे पुढे सांगतो.

प्रथम आकडे. आपल्याकडच्या खोक्यांवर मिलिमीटर आणि नंबर यांची सरमिसळ असते. ‘३५×८’ म्हणजे लांबी ३५ मि.मी. आणि जाडी ८ नंबर. नंबर जसा वाढतो तशी जाडी दर नंबरामागे सुमारे एक तृतीयांश मिलिमीटरने वाढते. त्यामुळे ६ नंबर साडेतीन मिलिमीटरचा, ८ नंबर ४.२ चा आणि १० नंबर ४.८ चा भरतो. चिपबोर्ड स्क्रू म्हणून जे मिळतात त्यांच्यावर जाडीही मिलिमीटरमध्येच, म्हणजे ३.५, ४, ४.५ अशी लिहिलेली असते. घरातल्या बहुतेक कामांना ६, ८ आणि १० हे तीन नंबर पुरतात.

आता त्या पाच तऱ्हा. काळे स्क्रू मुळात जिप्सम बोर्डासाठी बनवलेले असतात. त्यांच्यावर फॉस्फेटचा पातळ थर असतो, जो कोरड्या खोलीबाहेर टिकत नाही, आणि पोलाद कडक केलेले असल्याने ते वाकण्याऐवजी तुटतात. स्वस्त आहेत आणि ड्रिलने भराभर बसतात म्हणून आपल्याकडे प्लायवूडच्या कामात ते सर्रास वापरले जातात. आपण मोरजीला राहता. तिथे ते वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पांढरे आणि पिवळसर स्क्रू म्हणजे साध्या पोलादावर जस्ताचा विजेने चढवलेला मुलामा. हा मुलामा साधारण ५ ते ८ मायक्रॉनचा, म्हणजे फार पातळ असतो. आधी जस्त झिजते आणि त्याची पांढरी पूड दिसते; जस्त संपले की तांबडा गंज सुरू होतो. घराच्या आतल्या कामाला हे स्क्रू उत्तम, आणि पैशांच्या मानाने सर्वांत फायद्याचे. पितळ गंजत नाही, परंतु मऊ असते. त्याचा उपयोग जुन्या सामानाला आणि पितळी बिजागऱ्यांना. राहिले स्टेनलेस स्टील, आणि तिथेच खरी पारख लागते.

स्टेनलेस म्हटलेले सगळे सारखे नसते. ३०४ दर्जात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये त्याशिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, आणि तेच मिठाच्या हवेत टिकाव धरते. ४१० दर्जात क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास असून निकेल जवळजवळ नसतेच. तो कडक होतो म्हणून स्क्रूसाठी सोयीचा, पण किनाऱ्यावर त्याला गंज चढतो. २०२ दर्जात महागडे निकेल कमी करून मँगनीज घातलेले असते. तोही खाऱ्या हवेत ३०४ ची बरोबरी करू शकत नाही. लोहचुंबक जवळ ठेवावे. ४१० चा स्क्रू त्याला घट्ट चिकटतो. ३०४ चा किंचित ओढला जातो किंवा मुळीच ओढला जात नाही. मात्र २०२ आणि ३०४ यांतला फरक लोहचुंबकाने कळत नाही, तेव्हा खोक्यावरचा दर्जा पाहावा आणि तोच बिलावर लिहून मागावा.

आपल्या बाकड्यासाठी मी ३१६ सुचवीन, आणि न मिळाल्यास ३०४. उघड्या अंगणापेक्षा छपराखालचा उघडा सोपा धातूला जास्त बाधतो, कारण अंगणातले मीठ पावसाने धुऊन जाते आणि सोप्यावरचे तसेच साचत राहते. ३०४ च्या माथ्यांवर कालांतराने तपकिरी डाग दिसू लागतील; अधूनमधून गोड्या पाण्याने पुसल्यास ते आटोक्यात राहतात आणि स्क्रूच्या ताकदीला त्याने लगेच धक्का बसत नाही. लोखंडी स्क्रू घातलात तर मात्र दुहेरी नुकसान होईल. मत्तीच्या लाकडात टॅनिन नावाचे तुरट द्रव्य असते. ओलसर हवेत लोखंडाशी त्याचा संयोग होऊन प्रत्येक स्क्रूभोवती काळा डाग धरतो आणि तो लाकडात खोल मुरतो. शिवाय गंजणारा स्क्रू भोवतालचे लाकूड कमकुवत करत जातो, म्हणून पुढे नवा स्क्रू त्याच भोकात धरत नाही. मघाशी फळ्यांच्या नासाडीबद्दल लिहिले ते याच कारणाने.

मत्ती कठीण असते. तिच्यात स्टेनलेसचा स्क्रू थेट दाबून फिरवला तर माथा तुटून हातात येण्याचा संभव फार. गिरमिटाने किंवा ड्रिलने आधी भोक पाडावे : ८ नंबरसाठी ३ मि.मी., १० नंबरसाठी साडेतीन. वरच्या फळीत मात्र दांडा मोकळा जाईल एवढे, म्हणजे ८ नंबरला साडेचार आणि १० नंबरला पाच ते साडेपाच मि.मी. चे भोक असावे. हे दुसरे भोक बहुतेक जण पाडत नाहीत आणि मग दोन फळ्यांमध्ये फट राहिली म्हणून स्क्रूला दोष देतात. माथ्यापर्यंत आटे असलेला स्क्रू दोन्ही लाकडांत एकाच वेळी धरला की त्यांच्यातले अंतर तसेच कायम राहते. खालच्या लाकडात आटे आणि वरच्यात मोकळा दांडा असेल, तरच माथा वरची फळी खाली खेचून घेतो. म्हणून बाकड्यासाठी अर्धेच आटे असलेले स्क्रू मिळाले तर तेच घ्यावेत.

लांबीचे गणित सोपे आहे. लांबीचा सुमारे एक तृतीयांश भाग वरच्या फळीत आणि दोन तृतीयांश खालच्या लाकडात जावा. २५ मि.मी. च्या फळीला ६५ ते ७५ मि.मी. चा १० नंबर शोभेल. खालची चौकट तेवढी जाड नसेल तर ५० चा घेऊन संख्या वाढवावी. स्क्रू आत जाताना जड लागला तर आट्यांना मेण चोळावे, साबण लावू नये. साबण ओल धरून ठेवतो आणि तोच पुढे गंजाला निमंत्रण देतो.

फोंड्याचे हार्डवेअर व्यावसायिक

वरील उत्तर इतके नेमके आहे की धातूंविषयी भर घालण्यासारखे फार उरलेले नाही. मी गल्ल्याच्या या बाजूने खरेदीविषयी लिहितो.

स्वस्त माल अनेकदा किलोच्या भावाने मिळतो आणि चांगला माल १०० नगांच्या खोक्यात मिळतो. तुलना नेहमी नगाच्या भावाची करावी, आणि ती करताना दोन्ही मालांचे शंभर शंभर नग काट्यावर ठेवून पाहावेत. एकाच ‘३५×८’ या आकड्याखाली एका मालाचा दांडा भरीव आणि दुसऱ्याचा बारीक निघतो, हे वजनात लगेच उघड होते. त्यानंतर मूठभर स्क्रू तळहातावर घेऊन पाहावेत. टोक सर्वांचे सारखे अणकुचीदार आहे का, माथा दांड्याच्या बरोबर मध्यावर आहे का, आट्यांची धार बोटाला लागते का, हे डोळ्यांना आणि बोटांना सहज समजते. दहात दोन-तीन नगांचे टोक बोथट असेल तर तो माल परत ठेवावा.

खाचेची परीक्षा मात्र गिऱ्हाईक सहसा करत नाही, म्हणून मी आग्रहाने सांगतो. आपला स्वतःचा स्क्रू ड्रायव्हर किंवा ड्रिलचा बिट सोबत आणावा आणि स्क्रू त्यावर आडवा धरून पाहावा. चांगल्या खाचेत बिट घट्ट बसतो आणि स्क्रू लोंबकळत नाही. फुलीच्या खाचेतही दोन प्रकार आहेत, फिलिप्स आणि पोझीड्राइव्ह. पोझीड्राइव्हच्या माथ्यावर फुलीच्या मधोमध आणखी चार बारीक रेघा असतात. तिथे फिलिप्सचा बिट लावला तर तो उसळून बाहेर येतो आणि खाच खराब करतो. आपल्या बाजारात फिलिप्सच जास्त, परंतु परदेशी बनावटीच्या बिजागऱ्यांबरोबर येणारे स्क्रू पुष्कळदा पोझीड्राइव्हचे असतात. आपल्या जुन्या कपाटाची खाच गंजाने गेली हे खरे असेलच, पण चुकीच्या बिटाने ती बसवतानाच अर्धी झिजलेली असण्याचीही शक्यता आहे.

आता आपल्या कपाटाचा हिशेब मांडू. दोन उंच दारांना प्रत्येकी चार बिजागऱ्या आणि प्रत्येक बिजागरीला चार स्क्रू धरले, तर एकूण ३२ स्क्रू लागतात. नगाच्या हिशेबात ३०४ दर्जाचा स्क्रू झिंकच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या स्क्रूच्या कित्येक पटींनी महाग पडतो, हे मी नाकारत नाही. तरीही ३२ नगांवर पडणारा फरक हा एका सुताराच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीपेक्षा कितीतरी कमीच भरेल. स्वयंपाकघरात वाफ असते आणि आपल्याकडे वरून खारी हवा आहे. म्हणून बिजागऱ्यांना ३०४ घ्यावे आणि कपाटाच्या आतल्या फळ्या, मागची पाठ, खणांचे तळ यांना बिनधास्त झिंक घ्यावे. संख्या तिथेच जास्त लागते आणि बचतही तिथेच होते. हवे तेवढेच सुटे नग मागायला संकोच करू नये. बहुतेक दुकाने देतात.

मोरजीकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बाकड्याचा आणि बिजागऱ्यांचा निर्णय झाला. दोन शंका उरल्या आहेत. प्लायवूडच्या दारात कप बिजागरीसाठी (दाराच्या मागे गोल खाचेत बसणाऱ्या बिजागरीसाठी) १६ मि.मी. लांबीचे स्क्रू पुरेसे होतात का, आणि पेटाऱ्याच्या बिजागऱ्यांची जुनी भोके मोठी झाली आहेत, तिथे जाड स्क्रू घालावा की आणखी काही उपाय आहे? माटोळीविषयीही कोणी लिहावे, ही विनंती.

मडगावची गृहिणी, घरचे फर्निचर स्वतः जोडणारी

१८ मि.मी. च्या फळीत १६ मि.मी. चा, साडेतीन मि.मी. जाडीचा स्क्रू अगदी योग्य आहे. बिजागरीच्या पत्र्याची जाडी वजा जाता तो आत जेमतेम १४ मि.मी. जातो आणि पलीकडच्या सनमायकाला फोड येत नाही. दोन मि.मी. चे भोक आधी पाडावे आणि शेवटचे दोन फेरे हाताने द्यावेत, कारण ड्रिलचा जोर प्लायवूडमधले आटे क्षणात खाऊन टाकतो. प्लायवूडच्या कडेत, म्हणजे थरांच्या मध्ये स्क्रू घालायची वेळ आली तर भोक पाडल्याशिवाय घालूच नये. थर फाकतात आणि मग तिथे काहीच धरत नाही. आणलेल्या प्लायवूडवरचा शिक्काही एकदा पाहून घ्यावा. आयएस ३०३ हे सर्वसाधारण कामाचे प्लायवूड आणि आयएस ७१० हे मरीन प्लायवूड. ओट्याखालच्या, ओल लागणाऱ्या जागेत ३०३ पैकी साधे ओल न सोसणारे प्लायवूड असेल तर उत्तमातला स्क्रूही निरुपयोगी ठरतो, कारण स्क्रू शाबूत राहतो आणि त्याच्या भोवतालचे लाकूड भुसभुशीत होते.

पेटाऱ्याच्या भोकांत जाड स्क्रू घालू नये. पितळी बिजागरीच्या भोकातून त्याचा माथा वर राहील आणि झाकण नीट मिटणार नाही. सागाची किंवा बांबूची बारीक काडी तासून, फेव्हिकॉल लावून भोकात ठोकावी, एक दिवस सुकू द्यावी, पटाशीने सपाट करावी आणि मग नव्याने भोक पाडावे. पितळी स्क्रू बसवण्याआधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू एकदा पूर्ण आत घालून काढून घ्यावा. तो लाकडात आटे पाडून देतो आणि मग मऊ पितळी स्क्रूवर ताण न येता तो हलक्या हाताने बसतो. जुने पितळी स्क्रू सरळ असतील आणि त्यांची खाच शाबूत असेल, तर तेच पुन्हा वापरावेत; त्यांच्या एका आडव्या खाचेचे देखणेपण नव्या फुलीच्या खाचेला नाही, आणि अशा वस्तूला ते शोभते.

एक परीक्षा घरी करण्यासारखी आहे. विकत घेण्यापूर्वी प्रत्येक तऱ्हेचे दोन-दोन नग आणावेत, मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून वाटीत ठेवावेत आणि फडके सुकू देऊ नये. काळ्या स्क्रूवर तांबडे ठिपके सर्वांत आधी उठतात. झिंकच्या स्क्रूंवर आधी पांढरी पूड धरते, आणि ती किती लवकर धरते यावरून दोन दुकानांतल्या मुलाम्यांची तुलना करता येते. स्टेनलेस म्हणून दिलेल्या स्क्रूवर आठवड्याभरात गंज आला तर तो दुकानदाराला नेऊन दाखवावा.

सावईवेऱ्याचा मेस्त (सुतार)

माटोळीचे काम बाकीच्या तिन्ही कामांपेक्षा वेगळे आहे, कारण तिथे भार डोक्यावर असतो आणि खाली माणसे आरतीला उभी असतात. नारळांच्या पेंडी, केळीचे घड, सुपारीचे घोस, तोरंजने आणि रानातली फळे केवणीच्या दोरांनी बांधली की त्या चौकटीचे वजन पाहता पाहता वाढते. म्हणून तुळईच्या खालच्या अंगात वर तोंड करून हुक किंवा स्क्रू पिळणे मी टाळतो. अशा स्क्रूवर भार सरळ उपसण्याच्या दिशेने येतो, आणि आतले लाकूड भुंग्याने किंवा वाळवीने पोखरलेले असेल तर तो सूचना न देता निसटतो.

आधी तुळई टोच्याने जागोजाग टोचून पाहावी. टोचा सहज आत गेला किंवा पोकळ आवाज आला तर ती जागा सोडून द्यावी. मग तुळईच्या आरपार आडवे भोक पाडून दहा मि.मी. चा नट-बोल्ट घालावा, दोन्ही बाजूंना रुंद वॉशर ठेवावेत आणि त्याला खालून येणारी लोखंडी पट्टी अडकवावी. भोक तुळईच्या उंचीच्या मध्याच्या वर घ्यावे. खालच्या कडेजवळ घेतले तर भार लाकडाचे तंतू खाली ओढतो आणि तुळईला आडवी चीर जाते. आरपार भोक पाडणे नको असेल, तर पट्टी दोन्ही बाजूंनी चढवून प्रत्येक बाजूला ५० मि.मी. लांबीचे १० नंबरचे किमान तीन स्क्रू आडवे घालावेत, तेही वरच्या निम्म्या भागातच आणि एका सरळ रेषेत न घेता थोडे मागेपुढे, म्हणजे त्या रेषेत लाकूड फाटणार नाही. इथे काळे स्क्रू मुळीच नकोत. पक्कडीत धरून हातोडीने ठोकल्यावर जो स्क्रू वाकतो तोच घ्यावा. जो काडकन तुटतो तो भाराखालीही तसाच तुटतो.

खोली आतली असली तरी मोरजीच्या हवेचा विचार करून पट्टीला रंगाचे दोन हात द्यावेत, आणि स्क्रू झिंकचे घेतल्यास त्यांच्या माथ्यांवरही तोच रंग ओढावा. उघड्या तोंडाच्या हुकाऐवजी बंद कडी घ्यावी, म्हणजे चौकट हलली तरी दोर निसटत नाही. चतुर्थीच्या दोन दिवस आधी तांदळाची किंवा वाळूची पोती टांगून रात्रभर ठेवावीत आणि सकाळी पट्टी तुळईपासून जराही सरकली आहे का, हे पेन्सिलीच्या खुणेवरून तपासावे. पावसाळ्यात तुळई दमट हवेने फुगलेली असते, त्यामुळे आता घट्ट वाटणारा नट फाल्गुन-चैत्रात सैल पडतो. तेव्हा तो पुन्हा एकदा आवळावा लागेल.